आजीचा ‘ए’ कधी मोठा, कधी लहान: मुलांना इंग्रजीतील नावे आणि हुद्दे लिहायला शिकवताना

देवनागरीत अक्षराला एकच रूप असते. ‘गोदावरी’तला ग आणि ‘गवता’तला ग सारखाच काढायचा असतो. त्यामुळे मराठी घरातल्या मुलाला इंग्रजीतील मोठे अक्षर हा केवळ वळणाचा प्रकार वाटतो आणि ते अक्षर अर्थाशी बांधलेले आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते, तरी हा गोंधळ वरच्या वर्गांपर्यंत टिकलेला दिसतो. माझ्या मते त्याचे कारण असे की, आपण मुलांना नियमांची यादी पाठ करायला देतो, पण नियमामागचा प्रश्न विचारायला शिकवत नाही. तो प्रश्न एवढाच आहे: हा शब्द इथे कुणाचे नाव म्हणून आला आहे, की फक्त नाते, काम किंवा प्रकार सांगतो आहे?

सुरुवात मराठी व्याकरणापासून करावी. सामान्यनाम आणि विशेषनाम यांतला फरक मुलाला कळत असेल, तर निम्मे काम झालेले असते. नदी हे सामान्यनाम, गोदावरी हे विशेषनाम. म्हणून इंग्रजीत ‘रिव्हर’ एकटा आला तर त्याचा आर लहान, पण ‘गोदावरी रिव्हर’ असे पूर्ण नाव लिहिताना जी आणि आर दोन्ही मोठे. ‘गेटवे ऑफ इंडिया’मध्ये मात्र मधला ‘ऑफ’ लहानच राहतो. वार, महिने आणि भाषा यांना इंग्रजी नावे मानते, ऋतूंना मानत नाही, त्यामुळे ‘संडे’, ‘जून’ व ‘मराठी’ मोठ्या अक्षराने सुरू होतात आणि ‘समर’ लहान अक्षराने. शाळेच्या विषयांतही ‘इंग्लिश’ मोठ्या अक्षराने आणि ‘सायन्स’ लहान अक्षराने लिहिले जाते, कारण पहिले भाषेचे नाव आहे.

खरी अडचण नात्यांच्या शब्दांपाशी येते आणि तिथे घाई करू नये. ‘माय आजी वेंट टू पंढरपूर’ या वाक्यात आजीचा ए लहान आहे, तर ‘येस्टरडे आजी वेंट टू पंढरपूर’ या वाक्यात तोच ए मोठा आहे. मुलाला हे अन्यायाचे वाटते, कारण माणूस तेच आहे. अशा वेळी त्या शब्दाच्या जागी आजीचे खरे नाव घालून पाहायला सांगावे. समजा, आजीचे नाव सुमन आहे. ‘येस्टरडे सुमन वेंट’ हे वाक्य सरळ वाचता येते, म्हणजे तिथे ‘आजी’ हा शब्द नावाचे काम करतो. ‘माय सुमन वेंट’ मात्र कानाला खटकते, म्हणजे तिथे तो फक्त नाते सांगतो. ‘माय’, ‘हिज’, ‘हर’, ‘अवर’ असे शब्द आधी असले की नात्याचा शब्द लहान, ही खूण मुले पटकन उचलतात. हाक मारतानाही नात्याचा शब्द नावासारखाच वापरला जातो, म्हणून ‘कम हिअर, मदर’मध्ये एम मोठा. आपल्याकडे नाते नावाच्या नंतर येते, त्यामुळे ‘सुरेश काका’ असे दोन शब्द लिहिल्यास दोन्हींचे पहिले अक्षर मोठे ठेवावे. ‘सुरेशराव’ असे जोडून लिहिले तर मधला आर मोठा करू नये.

हुद्द्यांनाही हीच कसोटी लागते. नावाला चिकटलेला हुद्दा मोठा: ‘प्रेसिडेंट राजेंद्र प्रसाद’, ‘डॉक्टर आंबेडकर’, ‘किंग शिवाजी’. नाव नसताना नुसते काम सांगितले, तर लहान: ‘द डॉक्टर केम लेट’, ‘ही वॉज अ ग्रेट किंग’. मुलगा चौकस असेल, तर तो विचारील की भारताच्या राज्यघटनेत नावाशिवायही ‘प्रेसिडेंट’चा पी मोठा कसा. त्याला खरे उत्तर द्यावे: कायद्याच्या आणि सरकारी लिखाणात पदाचा मान म्हणून तसा प्रघात आहे, निबंधात मात्र पाठ्यपुस्तकाची रीत धरावी आणि ती शेवटपर्यंत सोडू नये. जुन्या इंग्रजीत तर साध्या नामांनाही सर्रास मोठे अक्षर देत. अमेरिकेच्या १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात ‘लाइफ’, ‘लिबर्टी’ आणि ‘हॅपिनेस’ मोठ्या अक्षरांनी लिहिलेले आढळतात.

पत्रलेखनात गुण जातात ते बहुधा दोन जागी. ‘डिअर सर’मध्ये दोन्ही शब्द मोठ्या अक्षराने सुरू होतात, पण शेवटच्या ‘युअर्स फेथफुली’मध्ये फक्त वाय मोठा असतो. वाक्याच्या मध्ये आलेल्या ‘येस, सर’मधला एस लहान, आणि ‘जोशी सर’मधला मोठा.

निबंधाच्या शीर्षकाचे शास्त्र वेगळे आहे. तिथे पहिला आणि शेवटचा शब्द, तसेच मधले महत्त्वाचे शब्द मोठ्या अक्षराने लिहावेत. ‘ए’, ‘द’, ‘अँड’, ‘अॅट’, ‘ऑफ’ यांसारखे छोटे शब्द मध्ये आले तर लहान ठेवावेत. ‘ए डे अॅट द सी’मध्ये ‘ए’ छोटा शब्द असला तरी पहिला आहे, म्हणून तो मोठा.

सराव चार रेघी वहीतच करून घ्यावा, हा माझा आग्रह आहे. सी, ओ, एस, व्ही, डब्ल्यू, एक्स आणि झेड यांचे मोठे व लहान रूप आकाराने सारखेच असते, आणि एकरेघी वहीत मुलाने नेमके कोणते काढले, हे तपासणाऱ्यालाही कळत नाही. चार रेघांत यांचे मोठे रूप वरच्या रेघेला टेकते, लहान रूप मधल्या दोन रेघांत बसते. रोज घरातल्याच माणसांवर पाच वाक्ये सांगावीत आणि चूक सापडली, तर अक्षर स्वतः दुरुस्त करून देऊ नये. त्या शब्दाखाली रेघ ओढून ‘हे इथे नाव आहे का?’ एवढेच विचारावे आणि मुलाला पुन्हा लिहू द्यावे. अर्जाच्या छापील नमुन्यावर सगळे नाव मोठ्या अक्षरांत भरायला सांगितलेले असते, तो अपवाद मात्र आधीच दाखवून ठेवावा, नाहीतर मूल वहीतही आपले नाव तसेच लिहू लागते.