पदपथाच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी: आधी टेप, मग ड्रॉइंग

सिव्हिल किंवा आर्किटेक्चर करून या कामात येणारी मुलं पहिल्याच दिवशी संगणकावर रस्ता आखायला बसतात. तसं करू नका. टेप, खडू आणि स्टॉपवॉच घेऊन नाशिकमध्ये शालिमार ते रविवार कारंजा चालत जा आणि दर दहा मीटरवर पदपथाची मोकळी रुंदी मोजा. मोकळी म्हणजे डीपी (विजेची पेटी), खांब, झाडाचं आळं, दुकानाची पायरी आणि लावलेल्या दुचाक्या वगळून उरते ती. आयआरसी १०३ मध्ये, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेत, किमान १.८ मीटर रुंदी आणि २.२ मीटर उंची विनाअडथळा हवी असं सांगितलं आहे. नकाशात अडीच मीटर दिसणारा पदपथ एखाद्या डीपीपाशी पाऊण मीटर उरतो आणि माणूस तिथेच गाड्यांमध्ये उतरतो. म्हणून सरासरी काढू नका, सर्वांत अरुंद जागेचा आकडा लिहा.

कर्ब, म्हणजे पदपथाची कड, १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको. वयस्कर माणसं चढायचं टाळतात आणि खालूनच चालतात. तेवढ्या उंचीला १:१२ उतार म्हणजे १.८ मीटर लांबी. साइटवर हाच उतार अर्ध्या मीटरात गुंडाळला जातो, त्यावर व्हीलचेअर चढत नाही. लेव्हल स्वतः तपासा. दुचाक्या अडवायला लावलेल्या बुटक्या खांबांमध्ये, म्हणजे बोलार्डमध्ये, व्हीलचेअरपुरती जागा सोडली की दुचाकीही जाते, त्यामुळे नुसत्या बोलार्डवर विसंबू नका.

खरा धोका ओलांडताना असतो. १४ मीटर रुंद रस्ता सेकंदाला १.२ मीटर चालणारा माणूस १२ सेकंदांत पार करतो, ०.८ मीटरने चालणाऱ्या आजींना साडेसतरा लागतात. सिग्नल पहिल्या आकड्यावर लावला, तर आजी रस्त्यातच अडकतात. मध्ये दोन मीटर रुंदीची थांबायची जागा द्या, म्हणजे एका वेळी एकाच दिशेची वाहनं बघावी लागतात. कोपऱ्याची वळणत्रिज्याही कमी करा. मोठ्या गोलाईवर डावीकडे वळणारी गाडी वेग कमीच करत नाही, आणि झेब्राचे पट्टे तिला थांबवत नाहीत. पदपथाच्या पातळीला उचललेलं क्रॉसिंग वेग मोडतं. मात्र त्याने कर्बकडेचं पाणी अडतं. वरच्या बाजूला जाळीचं चेंबर दिलं नाही, तर पहिल्याच पावसात तिथे डबकं साचतं आणि लोक क्रॉसिंग सोडून चार पावलं पुढून ओलांडतात.

फेरीवाल्यांना नकाशातून पुसू नका. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना संरक्षण आहे. चालण्याच्या पट्ट्याबाहेर त्यांची जागा आधीच आखा. नाही आखली, तर त्यांच्या हातगाड्या त्या १.८ मीटरमध्येच लागतील.

काँक्रीट ओतण्याआधी ट्रॅफिक कोन आणि रंग वापरून दोन आठवडे तात्पुरती रचना करा. संध्याकाळी सहा ते आठ उभं राहून लोक नेमके कुठून ओलांडतात ते खडूने टिपा. पंचवटीत रामकुंडाकडच्या रस्त्यांवर हे पर्वणीच्या किंवा सणाच्या दिवशीही करा. रोजच्या गर्दीवर बेतलेली रुंदी तिथे पुरत नाही.