सरकारी जंगलात वसंतातली टर्की: या चुका टाळा

"आवाज रोज ऐकू येत होता, पक्षी मात्र एकदाही समोर आला नाही." अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातला यंदाचा हंगाम संपल्यावर नव्याने शिकारीला लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाकडून हेच गाऱ्हाणं ऐकलं. खाजगी शेतावर टर्की (कोंबडीच्या जातीचा मोठा रानपक्षी) मारणं आणि सरकारी जंगलात टर्की मारणं यात फरक आहे. मार्क ट्वेन नॅशनल फॉरेस्ट सुमारे 15 लाख एकरांचं आहे, राज्य सरकारच्या कॉन्झर्वेशन एरिया वेगळ्याच. तिथे कुणालाही जाता येतं, आणि कुणीही जातोच. तिथली टर्की पहिल्या आठवड्यातच शहाणी होते.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार म्हणजे सरळ गुन्हा, त्यामुळे "शिकारीने प्राणी वाढतात" हे वाक्य ऐकलं की आपल्या भुवया उंचावतात. पण इथल्या रानटर्कीची कहाणी तशीच आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर मिझुरीत जेमतेम काही हजार पक्षी उरले होते. ते पकडून दुसऱ्या जंगलांत सोडले गेले, आणि 1960 साली 14 काउंट्यांत तीन दिवसांचा पहिला हंगाम ठेवला, त्यात 94 पक्षी मारले गेले. बंदुका आणि काडतुसांवरचा 11 टक्के कर 1937 च्या केंद्रीय कायद्याने राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. सगळं आलबेल आहे असंही नाही. अलीकडे दक्षिणेत आणि मध्यपश्चिमेत बऱ्याच ठिकाणी संख्या घटते आहे. म्हणूनच चुकीचा बार टाळणं जास्त महत्त्वाचं.

कागदपत्रं: इथे चूक म्हणजे थेट व्हिसावर

हा मुद्दा अमेरिकन लेखांत सहसा सापडत नाही, कारण त्यांना त्याची गरजच नाही. एच-वन-बी किंवा एफ-वन सारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या माणसाला इथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत. वैध हंटिंग लायसन्स हा त्यातला अपवाद आहे. लायसन्सची मुदत संपली आणि बंदूक कपाटात तशीच राहिली, की अपवादही संपला. मित्राची बंदूक "जरा धर" म्हणून हातात घेणं हेसुद्धा बाळगणंच ठरू शकतं. "कोण बघतंय" हा आपला लाडका युक्तिवाद इथे चालवू नका. शंका असेल तर बंदूक घेण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, नंतर नाही. ग्रीनकार्डवाल्यांना ही अट नाही.

बाकी नियम सोपे आहेत, पण पाठच हवेत. 1 जानेवारी 1967 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. वसंतात फक्त नर किंवा छातीवर दाढी (केसांसारख्या पिसांचा झुपका) दिसणारा पक्षी मारता येतो. हंगामभरात दोन, पहिल्या आठवड्यात एकच, एका दिवसात दोन कधीच नाहीत. छर्रा चार नंबरपेक्षा मोठा नको (नंबर जितका लहान तितका छर्रा मोठा). जमिनीवर मका टाकून आमिष दाखवणं बेकायदा आहे, आणि आमिष पूर्ण उचलल्यानंतरही दहा दिवस ती जागा आमिषाचीच समजली जाते. दुसऱ्या कुणी टाकलेल्या मक्याशेजारी बसलात तरी उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं. सरकारी जमिनीवर दुपारी एक वाजता शिकार थांबते. खाजगी जमिनीवर 2024 पासून सूर्यास्तापर्यंत मुभा आहे, त्यामुळे शेजारच्या शेतातून तीन वाजता बार ऐकू आला म्हणून आपणही बसून राहायचं नाही. शेजारच्या राज्यात गेलात तर यातलं बरंच बदलतं, तेव्हा त्या राज्याची पुस्तिका नव्याने वाचा.

हंगामाआधीच पक्ष्यांना शिकवून ठेवणं

मार्चमध्ये रेकी करायला जायचं, आणि आवाज येतोय का ते बघायला खिशातला कॉल (टर्कीचा आवाज काढायचं साधन) घेऊन मादीचा आवाज काढायचा. नर उत्तर देतो, आपण खूश. पण तो खाली येऊन शोधतो, मादी सापडत नाही, आणि असं चार जणांनी चार वेळा केलं की एप्रिलमध्ये त्याच आवाजाला तो पाठ दाखवतो. रेकीत घुबडाचा किंवा कावळ्याचा आवाज वापरा. त्या आवाजाने दचकून नर गॉबल करतो, म्हणजे त्याची खास आरोळी ठोकतो, कुठल्या टेकाडावर आहे ते कळतं, आणि त्याला काही धडा मिळत नाही. खरं तर पहाटे रातव्याच्या जातीचे पक्षी शांत व्हायला लागले की नुसतं उभं राहून ऐकलं तरी पुरतं. जमिनीवरही वाचायला भरपूर असतं: पाचोळा उकरलेल्या जागा, धुळीत न्हायलेले खड्डे, ओढ्याकाठच्या चिखलात तीन बोटांचे ठसे, आणि जिथे नर पिसारा फुलवून चालला तिथे दोन्ही बाजूंना पंखांच्या टोकांनी ओढलेल्या रेघा.

नकाशावर सगळ्यांची नजर पार्किंगपासून निघणाऱ्या मुख्य वाटेवर जाते, त्यामुळे गेटजवळचे नर सगळ्यात जास्त छळलेले असतात. मैलभर आत जायलाच हवं असंही नाही. कधीकधी रस्ता आणि ओढा यांच्या बेचक्यातला चिंचोळा तुकडा सगळे ओलांडून पुढे जातात, आणि पक्षी तिथेच असतो. पार्किंगमध्ये आधीच गाडी उभी असेल तर दुसऱ्या जागेवर जा. आपण कितीही लवकर उठलो असलो तरी.

झाडाखाली जाऊन बसणं

टर्की रात्री झाडावर मुक्काम करते आणि उजाडल्यावर खाली उतरते. नर कुठल्या झाडावर आहे ते संध्याकाळी कळलं की नवख्याला वाटतं, त्या झाडाच्या बुंध्याशीच बसावं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! शंभर ते दीडशे यार्डांच्या आत शिरलात तर वाळक्या पानांचा चरचराट तो वरून ऐकतो, आणि सकाळ तिथेच संपते. अंधार असताना पोहोचा, थोडं लांब बसा, आणि शक्यतो त्याच्याच उंचीवर किंवा किंचित वर. उतारावरून खाली बोलावलेला नर क्वचित येतो.

तो उत्तर देतो, पण येत नाही

खरी रड इथे आहे. पहाटे झाडावरून नर सलग गॉबल करतो, आपण यल्प (मादीची हाक) केला की लगेच उत्तर. माणूस चेकाळतो आणि कॉल हातातून सुटतच नाही. आता त्याच्या बाजूने बघा. निसर्गाच्या रीतीप्रमाणे गॉबल करणं त्याचं काम आणि चालत जाणं मादीचं. तुम्ही दर मिनिटाला "मी इथे आहे" म्हणत राहिलात तर तो आरामात आहे तिथेच पिसारा फुलवून उभा राहतो, कारण त्याच्या हिशेबाने तुम्हीच येणार आहात. दोन-तीनदा हलका यल्प, एखादं क्लक (मादीचा एकच तुटक स्वर), आणि मग कॉल खाली ठेवा. गप्प बसणं हाही एक कॉल आहे. मादी दूर चालली असं वाटलं की त्याची बेचैनी वाढते. हाताने पाचोळा उकरण्याचा आवाज अशा वेळी कुठल्याही महागड्या बॉक्स कॉलपेक्षा जास्त काम करतो, असं माझं मत. कटिंग, म्हणजे जोरदार, तुटक स्वरांची सलग झड, चालतं ते एकटा फिरणाऱ्या नरावर, आणि तेही कधीकधीच.

एवढं करूनही तो साठ-सत्तर यार्डांवर येऊन अडकला तर मध्ये काय आहे ते बघा. ओढा, काटेरी तारेचं कुंपण, खोल घळ, दाट झुडपं. टर्कीला उडता येतं, पण नसत्या कारणासाठी ती उडत नाही. अशा वेळी आहे त्याच जागेवरून आणखी जोरात बोलावण्याने काही होत नाही. तो मागे वळून टेकाडाआड गेला की मोठा वळसा घालून अडथळ्याच्या त्याच्या बाजूला या आणि नव्याने बसा. वळसा दुसऱ्या बाजूने घालायचा, आवाजाच्या दिशेने रांगत जायचं नाही. का, ते खाली सांगतो.

तिसरं कारण म्हणजे त्याच्याबरोबर खऱ्या माद्या आहेत. हातात जिवंत मादी असताना झुडपातल्या आवाजामागे तो कशाला येईल? याला उपाय घड्याळाचा. मादी रोज साधारण एक अशी दहा-बारा अंडी घालते आणि मग 28 दिवस उबवते. अंडी घालण्याच्या दिवसांत सकाळ वर आली की ती गुपचूप घरट्याकडे सटकते, आणि नर एकटा उरतो. नऊ ते साडेअकरा ही सरकारी जंगलातली सोन्याची वेळ आहे, आणि नेमक्या त्याच वेळी पार्किंग रिकामं व्हायला लागतं. याच हिशेबाने तिसरा आठवडा मला पहिल्यापेक्षा आवडतो. पानं फुटून जंगल दाट झालेलं असतं, आवाज लांब जात नाही, डास असतात, पण माणसं नसतात आणि बऱ्याच माद्या अंड्यांवर बसलेल्या असतात.

दिवस चढल्यावर येणारा नर बहुधा आवाज करत नाही. यंदा दुसऱ्या आठवड्यात पुण्याचा एक मित्र बरोबर होता. साडेआठपर्यंत सगळीकडे शांतता, दहाच्या सुमारास तो कुजबुजला, "दादा, आज काही नाही रे, पाय मोकळे करतो." उठू नकोस म्हणेपर्यंत तो गुडघ्यावर आलाही होता. डावीकडे डॉगवुडच्या पांढऱ्या फुलांखाली एक निळसर-पांढरं डोकं सरळ वर झालं, "पुट्, पुट्" असा कोरडा आवाज आला, आणि मग नुसता पाचोळा हलताना दिसला. तो नर मागची दहा मिनिटं तरी आमच्याकडे चालत आला असावा. मला त्याआधी एक बारीक, खोल घुमल्यासारखं काहीतरी जाणवत होतं, दूरवर ट्रक चालू असल्यासारखं. पिसारा फुलवलेला नर छातीतून असा आवाज काढतो. तो कानांपेक्षा छातीत जास्त ऐकू येतो, आणि आला की समजावं, पक्षी बंदुकीच्या टप्प्याच्या आसपास आहे. हलायचंच असेल तर त्याचं डोकं जाड खोडाआड गेल्यावर. त्याची नजर जवळजवळ चहूबाजूंना पोहोचते आणि रंगही दिसतात.

दुसरा शिकारी विसरणं

लाल, पांढरा, निळा हे तिन्ही रंग नराच्या डोक्यावर असतात. लाल रुमाल, पांढरे मोजे, निळी टोपी, पांढरा टिश्यू पेपरसुद्धा सरकारी जंगलात नको. पाठ टेकायला खांद्यांपेक्षा रुंद झाड शोधा, म्हणजे मागून कुणी आलं तरी खोड मध्ये असतं. दुसरा शिकारी दिसला तर हात हलवू नका, टर्कीसारखा आवाज काढू नका. स्पष्ट माणसाच्या आवाजात "थांबा, मी इथे आहे" असं इंग्रजीत ओरडा. पक्षी गेला तर जाऊ द्या. गॉबलच्या आवाजावर दबा धरत चालून जायचं नाही, कारण तो आवाज तुमच्यासारखाच कुणीतरी काढत असू शकतो. पिसाऱ्याचा पंखा पुढे धरून त्याआड सरकत जायची फॅशन व्हिडिओंनी आणली आहे. सरकारी जमिनीवर तो निव्वळ मूर्खपणा आहे, काही राज्यांनी त्यावर बंदीही घातली आहे. मारलेला पक्षी किंवा डिकॉय (आमिषाची नकली टर्की) नेताना भडक केशरी पिशवीत ठेवा.

बार

नवीन चोक (छर्रे एकवटायला नळीच्या तोंडाशी बसवतात तो तुकडा), नवीन काडतूस, आणि कागदावर एकदाही न मारता थेट जंगलात. असं करू नका. 40 यार्डांवर कागद लावा, दहा इंची वर्तुळात शंभरच्या आसपास छर्रे पडतात का ते मोजा. पडत नसतील तर तुमचा टप्पा 30 यार्ड, मग काडतुसांच्या डब्यावर काहीही लिहिलेलं असो. उलट, घट्ट चोकने पंधरा यार्डांवर छर्ऱ्यांचा फेर मुठीएवढाच असतो, त्यामुळे जवळचा बारही सहज चुकतो. नेम धरायचा मानेवर, जिथे पिसं संपून उघडी कातडी सुरू होते तिथे. पिसारा फुलवलेला असताना मान आत ओढलेली असते. एक क्लक करा, तो मान वर काढतो. बसल्या बसल्या आधीच एखादं झाड अंतराची खूण म्हणून ठरवून ठेवा. टर्की अंगाने मोठी दिसते, म्हणून साठ यार्डांवरचीही जवळ वाटते, आणि जखमी होऊन निघून गेलेला पक्षी हीच हंगामातली सगळ्यात वाईट गोष्ट.

गोचीड

ओझार्कच्या (दक्षिण मिझुरीतल्या डोंगराळ भागाच्या) जंगलात एप्रिल म्हणजे गोचिडांचा महिना. पाठीवर एकच पांढरा ठिपका असलेली लोन स्टार गोचीड चावली तर काहींना अल्फा-गॅलची (सस्तन प्राण्यांच्या मांसातल्या एका साखरेची) अ‍ॅलर्जी होते. मग मटण, बीफ, पोर्क खाल्लं की काही तासांनी अंगावर गांधी उठतात, कधी त्याहून गंभीर प्रकरण होतं. आदल्या दिवशी कपड्यांवर, कातडीवर नव्हे, परमेथ्रिन हे कीटकनाशक फवारून वाळवा, पँट मोज्यांत खोचा, घरी आल्यावर काखा आणि कमरेची घडी तपासा. अल्फा-गॅल पक्ष्यांच्या मांसात नसतं, म्हणजे मटण सुटलं तरी टर्की चालते. कोल्हापूरकरांना हा दिलासा पुरेसा वाटणार नाही.

पक्षी हाती आल्यावर

आधी परमिटवर तारीख-महिन्याची खाच, मग त्याच दिवशी टेलिचेक (राज्याच्या वन्यजीव खात्याकडे शिकारीची नोंद), मग फोटो. क्रम उलटू नका. उन्हाचा दिवस असेल तर पक्षी लवकर साफ करून बर्फात ठेवा. पुष्कळ जण छातीचं मांस काढून पाय टाकून देतात, हे मला अजिबात पटत नाही. छातीचं मांस पातळ कापून झटपट परता, जास्त शिजलं की लाकूड होतं. तंगड्या चिवट असतात, त्यांत कडक शिराही फार, म्हणून आलं-लसूण-हळद लावून कुकरला चांगल्या आठ-दहा शिट्ट्या द्या, मग हाडं-शिरा काढून कांदा-खोबऱ्याच्या वाटणात रस्सा करा. मांस शिजवायच्या आधी उजेडात धरून बोटांनी चाचपा. जिथे पीस मांसात ओढलं गेलंय तिथे बहुधा छर्रा असतो, आणि टंगस्टनचा छर्रा दाताखाली आला तर दात हरतो.