विद्यापीठात कॉम्प्युटर बदलण्याचं काम : नव्यानं येणाऱ्यांसाठी माझा अनुभव

माझं गाव चिमूरकडचं, घरी धान आणि सोयाबीन. बीसीए झाल्यावर विदर्भातल्या एका विद्यापीठात कॉम्प्युटर देखभालीच्या कामाला लागलो. पहिली चार वर्षं एजन्सीमार्फत कंत्राटी होतो. आता अकरा वर्षं झाली. आयटीआयचा कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटरचा कोर्स) किंवा पॉलिटेक्निक करून आलेली मुलं विचारतात, "दादा, तिथं नेमकं काय करावं लागते?" त्यांच्यासाठी हे लिहितोय.

दुसऱ्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. संलग्नीकरण विभागातल्या मॅडम मुलीच्या लग्नासाठी रजेवर होत्या. त्या परत यायच्या आत नवा कॉम्प्युटर तयार असावा, असं मला वाटलं. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डी ड्राइव्ह कॉपी केला, जुनी डिस्क फॉरमॅट करून दुसऱ्या टेबलाला लावली आणि तिच्यावर नवीन विंडोज टाकलं. मॅडमची कॉलेजांना पाठवलेली सहा वर्षांची पत्रं सी ड्राइव्हवर, पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरच्याच फोल्डरमध्ये होती. मॅडम रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भाऊ, मले इचारलं असतं तं मी सांगतलं असतं ना." पुढचे दोन महिने त्या जावक रजिस्टर आणि फायलींमधल्या कार्यालयीन प्रती काढून पत्रं पुन्हा टाइप करत होत्या. शनिवारी मी त्यांच्याजवळ बसून टाइप करायचो.

तेव्हापासून नवा बॉक्स उघडण्याआधी मी त्या माणसाशेजारी तासभर बसतो. त्यांना म्हणतो, तुम्ही रोजचं काम करा, मी फक्त पाहतो. लिपिक सकाळी पहिली फाइल कुठून उघडतो, सेवार्थला (पगाराच्या सरकारी प्रणालीला) लॉगिन कोणत्या ब्राउजरमधून करतो, पासवर्ड ब्राउजरमध्येच साठवलाय की वहीत आहे, डिजिटल सहीचं टोकन कोणाच्या ड्रॉवरमध्ये असतं, प्रमाणपत्रं कोणत्या प्रिंटरवर निघतात, हे सगळं त्या तासात कळतं. विचारून यातलं निम्मंही कळत नाही, कारण रोजच्या हाताच्या सवयी सांगायच्या असतात हे कोणाच्या लक्षातच येत नाही.

सर्वांत जास्त अडचण जुन्या मराठी फाँटची येते. श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेलं पत्र फाँट नसलेल्या मशीनवर उघडलं की चिन्हांचा ढीग दिसतो. काही जुन्या आवृत्त्यांना हार्डवेअर लॉक (मशीनला लावायची छोटी चावी) लागतो, आणि तो ज्या समांतर पोर्टला बसायचा तो पोर्ट नव्या मशीनला नसतो. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचीही तीच गत. त्यामुळे आधी फाँटची यादी करा, महत्त्वाचे नमुने युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या अक्षरांत) बदलून घ्या आणि बदललेली प्रत त्याच लिपिकाकडून वाचून घ्या. रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार बिघडतात. ते त्यांच्या नजरेला लगेच दिसतात, आपल्या नजरेतून सुटतात. ज्यांचा हात रेमिंग्टनवर (जुन्या टाइपरायटरच्या कीबोर्डवर) बसलाय त्यांना युनिकोडमध्येही रेमिंग्टन कीबोर्ड बसवून द्या. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या माणसाला इनस्क्रिप्ट हा वेगळा कीबोर्ड शिकायला लावू नका.

काही विभागांत डॉससाठी लिहिलेले फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरचे प्रोग्राम अजून चालतात. हे १६ बिट प्रोग्राम ६४ बिट विंडोजवर चालत नाहीत, आणि विंडोज ११ तर फक्त ६४ बिटच आहे. अशा टेबलावर जुनं मशीन इंटरनेट काढून ठेवा आणि त्यातला डेटा बाहेर काढण्याचं काम वेगळं हाती घ्या.

विंडोज १० चा नियमित मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, म्हणून २०१७ च्या आधी घेतलेली बहुतेक मशीनं अधिकृतपणे बाद होतात. पण सरसकट सगळंच नवं मागू नका. विंडोज ११ ला पात्र असलेलं मशीन निव्वळ हळू चालत असेल तर एसएसडी आणि रॅम वाढवून ते आणखी तीन-चार वर्षं चांगलं काम देतं. वाचलेल्या पैशात यूपीएस घ्या. इथं वीज दिवसातून किती वेळा डोळा मारते हे आपण सगळे जाणतो.

उन्हाळ्याचं शहराकडून आलेल्या इंजिनिअरच्या लक्षात येत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, ऑफिसात पाण्याचे कूलर लागतात आणि टेबल नेमकं कूलरच्या झोतासमोर असतं. ती दमट हवा आणि धूळ कॅबिनेटमध्ये जाते, रॅमच्या पट्टीवर थर बसतो आणि मशीन नुसतं बीप देत राहतं. पट्टी काढून साध्या खोडरबरानं तिचं सोनेरी टोक पुसलं की बहुतेक वेळा मशीन सुरू होतं. पण टेबल दोन हात सरकवलं तर ही वेळच येत नाही. उष्णतेनं यूपीएसच्या बॅटरीचं आयुष्यही घटतं, म्हणून तिच्यावर बसवल्याची तारीख मार्करनं लिहून ठेवा. लेझर प्रिंटर यूपीएसला कधीच जोडू देऊ नका.

खरेदी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून होते. तुमचं काम तांत्रिक तपशील लिहून देण्याचं असतं, आणि ते मनापासून करा. वॉरंटी तीन वर्षांची आणि जागेवर येऊन दुरुस्तीची मागा. आपल्याकडे इंजिनिअर नागपूरहून येतो. मशीन तिकडे पोहोचवावं लागलं तर आठवडा जातो. माल आला की १० दिवसांत तपासून स्वीकृती द्यायची असते, तेव्हा प्रत्येक बॉक्स उघडून सीरियल नंबर ताडा. मार्चअखेरच्या खरेदीत मशीनं खोलीत महिनोन्‌महिने पडून राहिलेली मी पाहिली आहेत, आणि वॉरंटीचे दिवस तिकडे चालूच असतात.

लावण्याची वेळही पाहा. उन्हाळी आणि हिवाळी परीक्षांच्या काळात परीक्षा विभागाच्या मशीनला हात लावायचा नाही. निकाल अडकला तर गडचिरोलीच्या टोकाच्या गावातलं पोरगंही गुणपत्रिकेसाठी चकरा मारतं. आम्ही ऑगस्ट-सप्टेंबर किंवा जानेवारी-फेब्रुवारी धरतो.

नवं मशीन कोणाला, हा प्रश्न जड जातो. रीत अशी की नवं साहेबांच्या केबिनमध्ये जातं आणि त्यांचं जुनं आवक-जावकला येतं. मला हे पटत नाही. ज्या टेबलासमोर विद्यार्थ्यांची रांग असते तिथं आधी नवं मशीन द्यायला हवं. हे तोंडी सांगून होत नाही, म्हणून मी तक्रारींचं रजिस्टर ठेवतो: कोणतं मशीन, किती वेळा बंद पडलं, काम किती तास थांबलं. वर्षाच्या शेवटी तो तक्ता टिपणीला जोडतो. टिपणी नीट लिहायला शिका, पोरांनो. स्क्रू ड्रायव्हर सगळ्यांना येतो, पण कुलसचिवांपर्यंत तुमचा कागदच जातो.

जुन्या मशीनचं काम डेडस्टॉक रजिस्टरमधल्या नोंदीपासून निर्लेखन समितीच्या (जुनं सामान बाद ठरवणाऱ्या समितीच्या) मंजुरीपर्यंत चालतं. त्यानंतर ई-कचरा नोंदणीकृत रिसायकलरकडेच द्यायचा, भंगारवाल्याला नाही. डिस्क मात्र मी काढून लेबल लावून तीन महिने कपाटात ठेवतो, आणि मग पूर्ण पुसतो. नुसत्या क्विक फॉरमॅटनं डेटा जात नाही. त्यात पोरांचे गुण, जातीचे दाखले, आधारचे फोटो असतात.

त्या मॅडम तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. जायच्या आधी त्यांनी एका शंभरपानी वहीत कोणती फाइल कुठे आहे, कोणत्या पत्राला कोणता नमुना वापरायचा, हे सगळं स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं. मागच्या ऑगस्टमध्ये त्यांच्या जागी आलेल्या मुलीचा कॉम्प्युटर बदलला, तेव्हा आम्ही दोघं ती वही उघडून बसलो आणि पानापानानं टिक करत गेलो. तिनं शेवटच्या पानाखाली नवी तारीख टाकली.