सिम्युलेशनने सॅम्पल साइज (अभ्यासात किती जण घ्यायचे) काढताय? या चुका टाळा

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर मुलांचं हिमोग्लोबिन वाढवण्याचा उपक्रम तपासायचाय, तर पुस्तकातलं सूत्र तोकडं पडतं. मग आर किंवा पायथनमध्ये अपेक्षित फरक धरून खोटा डेटा हजारदा तयार करायचा, ठरलेली टेस्ट लावायची आणि पी-व्हॅल्यू (फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली किती टक्के वेळा आली ते मोजायचं. तीच पॉवर, म्हणजे खरा फरक पकडला जाण्याची शक्यता. गडबड होते ती डेटा तयार करताना.

सगळ्यात महागात पडतं ते प्रत्येक मूल सुटं धरणं. एका पाड्यावरची मुलं एकाच हापशाचं पाणी पितात, एकाच अंगणवाडीत जेवतात. आकडे एकमेकांच्या जवळ येणारच. आयसीसी (एका पाड्यावरची मुलं एकमेकांसारखी किती, याचं माप) नुसता ०.०५ आणि पाड्यामागे २० मुलं धरली, तरी डिझाइन इफेक्ट, म्हणजे त्यामुळे मुलं किती पट जास्त लागतात तो आकडा, १ + १९ × ०.०५ = १.९५. म्हणजे ४०० मुलांचं वजन जेमतेम २०५ चं. ‘पाडे तेवढेच ठेवू, मुलं वाढवू’ ही पळवाटही चालत नाही. या आयसीसीला एका पाड्यातून शंभर मुलं घेतली तरी ती सुट्या १७ मुलांएवढीच भरतात. पाडेच वाढवा, घाट चढावा लागला तरी.

विश्लेषणातही पाडा हवा. उपक्रम मिळालेल्या आणि न मिळालेल्या पाड्यांतला फरक शून्य ठेवून तोच कोड चालवा. पाडा न धरता दोन सरासऱ्या ताडणारी साधी टी-टेस्ट लावली असेल, तर ५ ऐवजी सुमारे १६ टक्के वेळा ‘फरक आहे’ असं उत्तर येईल. तुमची पॉवर छान दिसत होती ती यामुळेच.

पायलटमध्ये (आधीच्या छोट्या चाचणीत) ०.५ ग्रॅमचा फरक दिसला म्हणून तोच टाकू नका. छोट्या पायलटचा आकडा फार हलतो. एसडी (आकड्यांचा पसारा) १.५ आणि मुलं सुटी धरली, तर गटाला १४२ मुलांत ८० टक्के पॉवर मिळते. खरा फरक ०.३ निघाला, तर तीच ३९ वर येते. किमान किती फरक उपयोगाचा, हे डॉक्टरांना विचारा.

दिवाळीनंतर घरंच्या घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात. तिथे ‘२० टक्के रँडम गळती’ (मुलं अभ्यासातून मध्येच सुटणं) लिहून भागत नाही. खोट्या डेटातही एका घरची भावंडं एकदम गाळा. फॉलोअप होळीच्या सुमारास ठेवला तर बरीच घरं परतलेली सापडतात.

सिम्युलेशनच्या १०० रनवर (फेऱ्यांवर) आलेली ८० टक्के पॉवर ७२ ते ८८ मध्ये कुठेही असू शकते. हजार रनवर अडीच टक्के इकडेतिकडे. सीड (तेच रँडम आकडे पुन्हा मिळावेत म्हणून कोडला दिलेला सुरुवातीचा आकडा) लिहून ठेवा. ८० पार होईपर्यंत सीड बदलत बसणारेही असतात; एथिक्स कमिटीने कोड मागितला की त्यांची पंचाईत होते.