खुनाच्या सिनेमाची फिरकी घेणारा सिनेमा कसा बघावा

रहस्यपटाची टिंगल करणारा सिनेमा लावला की घरातले सगळे दहाव्या मिनिटाला खुनी शोधायला लागतात आणि शेवटी "हात्तिच्या, एवढंच?" म्हणून उठतात. इथे खुनी कोण याला फार किंमत नाही. ठरलेली रीत कुठे मोडली, हे टिपण्यात गंमत आहे, आणि त्यासाठी आधी रीत माहीत हवी.

म्हणून आठवडाभर आधी एक सरळ, गंभीर रहस्यपट बघून घ्या. 1929 मध्ये रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरू-लेखकाने रहस्यकथेचे दहा नियम मांडले होते. गुन्हेगार कथेत लवकर दिसावा, गुप्त वाट एकाहून जास्त नको, भुताखेतांची मदत नको, जुळी भावंडं आयत्या वेळी आणू नयेत, वगैरे. विडंबनाला हाच कच्चा माल लागतो.

सुरुवात 'सी हाउ दे रन' (2022) पासून करा. 98 मिनिटांचा आहे, नऊला लावला तरी अकराच्या आत इंदूरच्या सराफ्याला, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, निघता येतं. 1953 चं लंडन, अगाथा ख्रिस्ती यांच्या 'द माउसट्रॅप' या रहस्यनाटकाचा शंभरावा प्रयोग, त्याची पार्टी आणि तिथेच खून. शंभराव्या प्रयोगाचं अप्रूप काय असतं, हे सानंद या संस्थेची मराठी नाटकं बघणाऱ्या इंदूरकरांना समजावावं लागत नाही.

तीन गोष्टी मात्र सुरू करण्याआधी सांगाच, नाहीतर निम्मे विनोद डोक्यावरून जातात. एक, हे नाटक खरं आहे. 25 नोव्हेंबर 1952 ला ते लंडनच्या वेस्ट एंड या नाट्यगृहांच्या भागात लागलं आणि करारानुसार प्रयोग बंद होऊन सहा महिने झाल्याशिवाय त्यावर सिनेमा काढता येत नाही. नाटक अजून चालूच आहे! त्यामुळे सिनेमा काढायला उतावीळ झालेली मंडळी बघताना हसू येतं. दोन, सिनेमात पात्र म्हणून येणारा नट रिचर्ड अ‍ॅटनबरो म्हणजे पुढे 'गांधी' (1982) दिग्दर्शित करणारेच. तीन, इन्स्पेक्टरचं आडनाव स्टॉपर्ड आहे. टॉम स्टॉपर्ड या नाटककाराची अशाच रहस्यनाटकांची खिल्ली उडवणारी एकांकिका 1968 मध्ये रंगमंचावर आली होती. खुनाबद्दल एक शब्द बोलू नका.

पहिली पाच मिनिटं कुणी उठायचं नाही. जो मरणार तोच माणूस आपल्याला गोष्ट सांगतो आणि असल्या गोष्टी सगळ्या सारख्याच, असंही ऐकवतो. पुढचा सगळा खेळ तिथे मांडलेला आहे. नंतर एक पात्र फ्लॅशबॅकला नावं ठेवतं, तेव्हा लगेच पुढे काय दाखवतात तिकडे लक्ष ठेवा.

पैज लावायचीच तर खुन्यावर नको. प्रत्येकाला एक कागद द्या, त्यावर सहा ओळी: मेलेला माणूस सगळ्यांना नकोसा, प्रत्येकाकडे काही ना काही कारण, फ्लॅशबॅक, चुकीच्या माणसावर आळ, बाहेर बर्फ किंवा वादळ, शेवटी सगळ्यांना एका खोलीत जमवणं. दिसलं की खूण करायची, बोलायचं नाही. पाच-सहा जण पुरे. जास्त झाले की कुणीतरी विनोद समजावत बसतो आणि पुढचे दोन निसटतात. हे विनोद बोलण्यातले आहेत, ब्रिटिश उच्चार भरभर येतात, म्हणून इंग्रजी सबटायटल लावून ठेवा.

खाण्याचं नीट ठरवा. सेव-परमल किंवा पापड कुरकुरायला लागले की संवाद ऐकू येत नाहीत. साबुदाण्याची खिचडी उत्तम, फक्त वरचं मिक्चर कमी घाला. भुट्ट्याचा कीसही चालेल. पोटभर जेवण आधी नको, मधल्या चौकशीच्या भागात डुलकी लागते.

हा आवडला तर दुसऱ्या वेळी 'क्लू' (1985) बघा. त्याचे तीन शेवट काढून वेगवेगळ्या थिएटरांत वेगवेगळे पाठवले होते. व्हिडिओवर तिन्ही ओळीने आले. एकाच गोष्टीला तीन खुनी चालतात हे बघितलं की खुनी शोधायची खोड आपोआप जाते. 'मर्डर बाय डेथ' (1976) शेवटी ठेवा. त्यात पॉयरो, मिस मार्पल या ख्रिस्तीबाईंच्या गुप्तहेरांच्या नकला आहेत, मूळ पात्रं माहीत नसली तर तो कोरडा वाटतो. चिनी गुप्तहेराचं सोंग आज खटकतं, हेही आधीच सांगा.

सिनेमा संपल्यावर टीव्ही लगेच बंद करू नका. सुरुवातीची दहा मिनिटं परत लावा आणि कागद हातात ठेवा.