मूकपटाचा डबा हाती लागला तर

निपाणी, खानापूर भागातल्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर किंवा बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजच्या पेटीत फिल्मचा गंजका डबा सापडला, तर तो दिव्याजवळ उघडू नये. मूकपटांच्या काळातील ३५ मिमी फिल्म बहुधा नायट्रेटची, म्हणजे सेल्युलोज नायट्रेट या सहज पेट घेणाऱ्या पदार्थाची असते आणि ती एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राहते. (आपल्या अडगळीत शेजारी रॉकेलचा डबा असतोच, तो आधी हलवावा.) डबा मोकळ्या हवेत, सावलीत उघडावा. फिल्म चिकट झाली असेल, तर वेटोळे ओढून सोडवू नये, कारण त्यासरशी चित्राचा थर निघून येतो. कडेची अक्षरे आणि संवादांच्या चौकटींतला मजकूर भिंगाने वाचून टिपावा. तुकड्याची ओळख पुष्कळदा तिथेच पटते. प्रोजेक्टरवर तो कधीही चढवू नये. दुरुस्ती व स्कॅनिंगसाठी पुण्याच्या, १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आधी कळवावे. नायट्रेट ही एसटीतून न्यायची वस्तू नव्हे.