काम जमत नाही म्हणून माणूस काढताय? आधी या चुका टाळा

यातली सगळ्यात मोठी चूक बहुतेक वेळा अप्रेझललाच होऊन गेलेली असते. तोंडावर सांगायचं साहेबांच्या जिवावर येतं, म्हणून फॉर्मवर ‘समाधानकारक’ लिहितात, थोडी पगारवाढही देतात. चार महिन्यांनी तोच माणूस ‘कामाचा नाही’ ठरतो. प्रकरण कोर्टात गेलं की तोच फॉर्म कंपनीच्या विरोधात उभा राहतो. त्याहून वाईट म्हणजे, त्या माणसाला सुधारायला वेळच मिळालेला नसतो.

म्हणून वेळेवर, लेखी आणि नेमकं सांगा. ‘कामात सुधारणा अपेक्षित आहे’ यातून डिस्पॅचच्या क्लार्कला काय कळणार? ‘या महिन्यात चार गाड्यांत चलनावरचा आणि भरलेला माल जुळला नाही, पुढचे दोन महिने प्रत्येक गाडी सुपरवायझरसोबत मोजून सोडायची’ असं लिहा. मग दर पंधरवड्याला खरंच सोबत बसा. बसल्यावर पुष्कळदा कळतं की ट्रेनिंगच झालेलं नाही, किंवा दोघांचं काम एकट्याच्या गळ्यात आहे.

केबिनमध्ये बोलावून ‘राजीनाम्यावर सही कर, नाहीतर अनुभवपत्र विसर’ हा प्रकार तर बंदच करा. दबावाखाली लिहून घेतलेला राजीनामा कोर्टात टिकेलच असं नाही, आणि माणुसकीला तर तो अजिबात धरून नाही. तसंच, काम कमी पडतं त्याच्यावर गैरवर्तनाचा शिक्का मारू नका. गैरवर्तनाचा आरोप असेल तर आरोपपत्र आणि रीतसर चौकशी लागते.

‘एक्झिक्युटिव्ह’ हुद्दा दिला म्हणजे कामगार कायदा लागू नाही, हाही गैरसमज. कोर्ट हुद्दा बघत नाही, हातातलं काम बघतं. वर्षभर सलग सेवा झालेल्या, म्हणजे कायद्याच्या हिशेबात 240 दिवस भरलेल्या कामगाराची शिक्षा म्हणून नव्हे तर अन्य कारणाने कपात करायची असेल, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो.

‘फुल अँड फायनल’ म्हणजे शेवटचा हिशेब 45 दिवसांनी, ही सवयही सोडा. वेतन संहिता 2019 प्रमाणे काढलेल्या माणसाचा राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो. ग्रॅच्युइटी बसत असेल तर 30 दिवसांत.

शेवटची भेट त्याच्या थेट वरिष्ठानेच घ्यावी, सगळं एचआरवर ढकलून मोकळं होऊ नये. दार बंद करून, कारण सांगून, त्याचं ऐकून घेऊन. व्हॉट्सॲप ग्रुपमधून आधी काढायचं आणि पत्र नंतर द्यायचं, असं कुणाशीही करू नका.